थंडीतलं पॉलिहाऊस: पडदे उघडायचे कधी?

थंडी पडली की पॉलिहाऊसचे पडदे दिवसरात्र गच्च बंद ठेवावेत, असं सहज वाटतं. मावळातल्या गुलाबाला मात्र गारठ्यापेक्षा कोंडलेला दमटपणा अधिक नडतो. झाडं पानांवाटे बाष्प सोडत राहतात. रात्री छताचा कागद गार पडला की तेच बाष्प त्याच्या आतल्या बाजूला थेंब होऊन साचतं, पानांवर टपकतं आणि डाऊनी, बोट्रायटिससारख्या बुरशीचं फावतं. पडदे उघडले तर ऊब जाईल, हा आक्षेप रात्रीपुरता खरा. तोही अर्धाच, कारण साधा पॉलिथिनचा कागद उष्णतेच्या लहरी फारशा अडवत नाही. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री आतलं तापमान बाहेरच्याइतकंच, क्वचित त्याहूनही खाली उतरतं. म्हणून ऊन कलण्याआधी पडदे लावून दिवसाची ऊब धरावी आणि सकाळी ऊन चढताच ते उघडून ओली हवा आधी बाहेर जाऊ द्यावी. १४ फेब्रुवारीच्या बाजारासाठी कळ्या वेळेत याव्यात, ही घाई समजण्यासारखी आहे. पण डागाळलेल्या पाकळीला निर्यातीत कुणी विचारत नाही. आणि पाणी सकाळीच द्या, संध्याकाळी पानं कोरडी हवीत.