परसातील तलावाचे हिरवे पाणी

मृगापासून हस्तापर्यंतच्या नक्षत्रांत गोव्याची भूमी पावसाने न्हाऊन निघते. वर्षाकाठी सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस या प्रदेशात पडतो आणि त्यातील बहुतेक या चार महिन्यांतच. विहिरी काठोकाठ भरतात, देवळांच्या तळ्या तुडुंब होतात. ज्या घरांच्या परसात पोहण्याचा तलाव बांधलेला आहे, तेथे नवरात्राच्या सुमारास एक ठरावीक दृश्य दिसते. मे महिन्यात स्वच्छ असलेले पाणी हिरवेगार झालेले असते, भिंतींना हात लावल्यास त्या बुळबुळीत लागतात, आंब्याफणसाची कुजकी पाने वर तरंगत असतात आणि तळ दिसेनासा झालेला असतो.

बार्देश, तिसवाडी, सासष्टी या तालुक्यांतील गावांत असे तलाव आता नवलाईचे राहिलेले नाहीत. काही राहत्या घरांचे आहेत, काही पाहुण्यांसाठी चालविलेल्या घरांचे आहेत, तर काही घरांचे मालक मुंबईस वा परदेशी असतात आणि त्या घरांची कुलपे वर्षातून एकदोनदाच उघडतात. तलाव खाजगी असला, तरी त्यातील बिघडलेल्या पाण्याचे परिणाम कुंपणाच्या आत राहत नाहीत. म्हणूनच हा विषय केवळ तलावाच्या मालकाचा नसून शेजाऱ्यांचा, पंचायतीचा आणि शाळेचाही आहे.

धोका कोणता?

पहिला धोका डासांचा. साचलेल्या पाण्यात डासाच्या अंड्यापासून उडणारा डास तयार होण्यास आपल्याकडील उष्ण हवेत साधारणतः आठ ते दहा दिवस पुरतात. हिवतापाचा प्रसार करणारा ॲनॉफिलिस स्टीफेन्सी हा डास विहिरी, टाक्या आणि तत्सम साठवणीच्या पाण्यात वाढतो. दुर्लक्षित तलाव ही त्याला आयती मिळालेली जागा होय.

दुसरा धोका बुडण्याचा. गढूळ पाण्यात बुडालेले मूल काठावर उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही. शोधण्यात जी दोनचार मिनिटे जातात, तेवढाच काय तो वाचविण्याचा अवधी असतो. तळाची जाळी काठावरून स्वच्छ दिसत नसेल, तर पाण्यात कोणीही उतरू नये, हा नियम सर्व नियमांच्या आधी पाळावा.

तिसरा धोका रोगजंतूंचा. पोटाचे, कानांचे व डोळ्यांचे विकार अशा पाण्यातून होतात. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा कोमट गोड्या पाण्यात आणि नीट क्लोरीन न टाकलेल्या तलावांत जगू शकतो. तो नाकावाटे शिरून मेंदूपर्यंत पोहोचतो. हा रोग अत्यंत विरळा, परंतु झाल्यास बहुधा प्राणघातक ठरतो. २०२४ व २०२५ या वर्षी केरळ राज्यात अमीबाजन्य मेंदूज्वराचे रुग्ण आढळले, हे वाचकांच्या स्मरणात असेलच.

पाणी हिरवे का होते?

शेवाळ ही अतिसूक्ष्म वनस्पती आहे. तिला ऊन, ऊब आणि खाद्य एवढेच हवे असते. खाद्य म्हणजे नत्र व स्फुरद. कुजणारी पाने, वाहून आलेली माती, पक्ष्यांची विष्ठा यांतून ते विनासायास मिळते. पाण्यात पुरेसा क्लोरीन असेतोवर शेवाळ डोके वर काढीत नाही. पावसाने पाणी पातळ झाले, पंप बंद राहिला आणि क्लोरीन संपला, की उघडीप मिळताच चारदोन दिवसांत पाणी हिरवे दिसू लागते.

मात्र प्रत्येक गढूळ पाणी शेवाळाचे नसते. ओळख पटविण्यासाठी काचेच्या बाटलीत पाणी भरून रात्रभर स्थिर ठेवावे. सकाळी तळाशी तांबूस गाळ बसून वरचे पाणी निवळले असेल, तर ती जांभ्या दगडाची माती होय. पाणी हिरवेच राहिले, तर ते शेवाळ. आपल्या भागातील काही विहिरींच्या पाण्यात लोह असते. असे पाणी दिसावयास नितळ असते, परंतु क्लोरीन मिसळताच चहासारखे तांबूस होते. त्याला घाबरून आणखी पावडर ओतू नये. ते लोह पुढे सांगितलेल्या तुरटीने खाली बसते.

उपसण्याची घाई नको

हिरवे पाणी पाहून पुष्कळांचा पहिला विचार तलाव उपसून टाकण्याचा असतो. पावसाळ्यात व त्यानंतरच्या काही आठवड्यांत हे धोक्याचे आहे. या काळात जमिनीतील पाण्याची पातळी वर आलेली असते. तलावातील पाण्याचे वजन नाहीसे झाले, की खालचे पाणी रिकाम्या टाकीला होडीप्रमाणे वर रेटते. तळाला तडे जातात, फरशा उखडतात, प्रसंगी संपूर्ण टाकीच उचलली जाते. हजारो लिटर पाणी वाया जाते ते निराळेच. बहुतेक तलावांचे पाणी न उपसता स्वच्छ होऊ शकते. त्यासाठी क्रम मात्र सोडता कामा नये.

कामाचा क्रम

१. आरंभी वीज तपासावी. पावसात भिजलेला पंप व पाण्याखालील दिवे तज्ज्ञ वायरमनकडून पाहून घेतल्यावाचून पाण्यात हातही घालू नये.

२. पाने, काटक्या, मेलेले बेडूक आदी सर्व कचरा लांब दांड्याच्या जाळीने काढावा. हे काम कंटाळवाणे असल्याने टाळले जाते, परंतु टाकलेला क्लोरीन प्रथम या कुजक्या पदार्थांवरच खर्च होतो. कचरा ठेवून औषध टाकणे म्हणजे भोके पडलेल्या घागरीत पाणी भरण्यासारखे आहे.

३. पाण्याचा सामू, म्हणजेच पी.एच., मोजावा. तो ७.२ ते ७.८ यांच्या दरम्यान असावा, व या कामापुरता ७.२ च्या जवळ आणावा. शेवाळ पाण्यातील कर्बद्विप्राणिल वायू शोषून घेत असल्याने हिरव्या पाण्याचा सामू बहुधा चढलेला असतो. सामू ७.५ असताना क्लोरीनचा सुमारे अर्धा भाग प्रभावी रूपात असतो, आणि ८ झाल्यास तो चतुर्थांशाच्याही खाली येतो. पैसे तेवढेच खर्च होतात, काम मात्र निम्मेही होत नाही. सामू उतरविण्यासाठी सौम्य केलेले हायड्रोक्लोरिक आम्ल थोडे थोडे, पंप चालू ठेवून आणि दरवेळी मोजून घालावे.

४. भिंती, पायऱ्या व कोपरे ब्रशने घासावेत. शेवाळाचा बुळबुळीत थर फुटल्याखेरीज आतील पेशींपर्यंत क्लोरीन पोहोचत नाही.

५. मग क्लोरीनचा भारी डोस द्यावा. त्याचा हिशेब सोपा आहे. तलाव ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.५ मीटर खोल असेल, तर त्यात ४८ घनमीटर, म्हणजे ४८,००० लिटर पाणी मावते. दर लिटरला १० मिलिग्रॅम क्लोरीन द्यावयाचा, तर ४८० ग्रॅम क्लोरीन लागेल. ३० टक्के क्लोरीन असलेल्या ब्लीचिंग पावडरीचे हे प्रमाण सुमारे १ किलो ६०० ग्रॅम होते. पावडर प्लॅस्टिकच्या बादलीतील पाण्यात कालवावी, चुना खाली बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणीच तलावात सोडावे. अन्यथा त्या चुन्यानेच पाणी पांढरट होईल. उघड्या पोत्यातील जुनी पावडर निःसत्त्व झालेली असते, हेही ध्यानात ठेवावे.

येथे एक इशारा आवश्यक आहे. हे प्रमाण पिण्याच्या विहिरीचे नव्हे. विहिरीच्या नेहमीच्या निर्जंतुकीकरणास दर १,००० लिटर पाण्यास सुमारे २.५ ग्रॅम चांगली पावडर पुरते.

६. डोस सूर्यास्तानंतर द्यावा. कडक उन्हात पाण्यातील मोकळा क्लोरीन झपाट्याने नाश पावतो. रात्री मात्र त्याला निर्वेध काम करता येते. पंप व वाळूचे गाळणयंत्र रात्रंदिवस चालू ठेवावे आणि गाळणयंत्रावरील दाब वाढला, की उलट प्रवाहाने वाळू धुऊन घ्यावी.

७. पाण्याचा हिरवा रंग जाऊन ते राखाडी वा दुधाळ झाले, म्हणजे शेवाळ मेले असे समजावे. पुष्कळजण येथेच निराश होतात व आणखी औषधे ओततात. वास्तविक ही प्रगतीची खूण आहे. आता प्रश्न मारण्याचा नसून मेलेले बाहेर काढण्याचा असतो. गाळणयंत्राने ते हळूहळू निघते. त्वरेने हवे असल्यास तुरटी वापरावी. वरील तलावास दर लिटरला २५ मिलिग्रॅम या हिशेबाने १ किलो २०० ग्रॅम तुरटी बादलीत विरघळवून सर्वत्र पसरावी, पाणी थोडा वेळ ढवळले जाऊ द्यावे व नंतर पंप बंद करून रात्रभर हलवू नये. सकाळी तळाशी बसलेला साका नळीने अलगद ओढून थेट बाहेर काढावा. तो गाळणयंत्रातून नेल्यास वाळू तुंबते. तुरटीने सामू उतरतो, म्हणून तो पुन्हा मोजावा.

रात्रीची परीक्षा

काम पुरे झाले की नाही, हे केवळ डोळ्यांनी ठरवू नये. सूर्यास्तानंतर क्लोरीन मोजावा आणि सूर्योदयापूर्वी पुन्हा मोजावा. रात्री ऊन नसते, म्हणून जो क्लोरीन घटला तो पाण्यातील घाणीनेच खाल्ला असे समजावे. घट लिटरमागे १ मिलिग्रॅमहून अधिक असल्यास पाण्यात शेवाळ अद्याप जिवंत आहे; डोस पुन्हा द्यावा. पाणीपुरवठ्याच्या कामात वापरला जाणारा क्लोरोस्कोप अंदाजापुरता उपयोगी पडतो. डी.पी.डी. गोळ्यांची परीक्षा अधिक अचूक असते.

तळ स्वच्छ दिसू लागला, सामू ७.२ ते ७.८ मध्ये स्थिरावला आणि मोकळा क्लोरीन १ ते ३ मिलिग्रॅमवर उतरला, म्हणजेच पोहण्यास परवानगी द्यावी.

वारंवार डोस देऊनही पाणी हिरवेच राहत असेल, तर आणखी एक कारण संभवते. काही क्लोरीनच्या गोळ्यांत सायन्युरिक आम्ल असते. थोड्या प्रमाणात ते क्लोरीनचे उन्हापासून रक्षण करते, परंतु वर्षानुवर्षे साचत गेल्यास क्लोरीनची धार बोथट करते. अशा वेळी मात्र कोरड्या ऋतूत काही पाणी बदलावेच लागते.

मोरचुदाचा मोह

सत्तरी, फोंडा, सांगे भागातील सुपारीच्या बागायतदारांना मोरचूद परिचयाचे आहे, कारण बोर्डो मिश्रणात तेच असते. ते शेवाळ मारते हे खरे, पण रोगजंतूंच्या बाबतीत त्यावर विसंबून चालत नाही. शिवाय त्याने भिंतींवर डाग पडतात आणि असे पाणी ओहोळात गेल्यास मासे मरतात. क्लोरीनच्या जागी ते वापरू नये.

जिवास जपावे

ब्लीचिंग पावडर आणि आम्ल एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो. दोन्हींची भांडी, मापे व ठेवण्याच्या जागा वेगळ्या असाव्यात. पावडर आणि क्लोरीनच्या गोळ्याही कधी एकत्र करू नयेत. त्यातून स्फोट होऊ शकतो. औषध नेहमी पाण्यात घालावे, औषधावर पाणी ओतू नये. हातमोजे व चष्मा वापरावा, वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे. हे काम बहुधा घराची देखभाल करणारा गरीब माणूस एकट्याने करतो. या वस्तू त्याला पुरविणे आणि या सूचना त्याच्या भाषेत समजावून सांगणे हे मालकाचे कर्तव्य आहे.

क्लोरीनयुक्त पाणी शेतात, ओहोळात वा खाजनात सोडू नये. तेथील मासळी व कोळंबीवर अनेकांची चूल पेटते. पाणी काढावयाचेच असल्यास औषध बंद करून ते काही दिवस उन्हात राहू द्यावे आणि परीक्षेत क्लोरीन शून्य दिसल्यावरच शोषखड्ड्यात किंवा बागेत जिरवावे.

तलाव वापरायचाच नसेल तर?

घर महिनोन्महिने बंद राहणार असेल, तर दोनच प्रामाणिक मार्ग आहेत. एक, आठवड्यातून ठरावीक दिवशी येऊन पंप चालविणारा व क्लोरीन मोजणारा माणूस नेमणे. दुसरा, क्लोरीन पूर्णपणे थांबवून पाण्यात गप्पी मासे सोडणे. ते डासांच्या अळ्या खातात. मासे आणि क्लोरीन एका पाण्यात नांदत नाहीत, म्हणून दोन्ही मार्ग एकदम चोखाळता येत नाहीत. मार्ग कोणताही असो, कुंपण व कुलूपबंद फाटक हवेच.

शिक्षकांना या विषयाचा वर्गात उपयोग करता येईल. दोन पेल्यांत मातीचे पाणी घेऊन एकात तुरटी फिरवावी. कोणते आधी निवळते, हे मुले स्वतः पाहतील. शेजारचा हिरवा तलाव दिसताच घरी सांगावे आणि त्याच्या काठी खेळू नये, हेही त्याच वेळी त्यांच्या मनावर ठसवावे.

पाणी स्वच्छ करण्यासाठी निवळीच्या बिया उगाळून घालण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. नुसते निवळीचे नाव घेतल्याने पाणी निवळत नाही, हा दृष्टांतही तितकाच जुना आहे. कपाटात औषधाचा डबा आहे एवढ्याने तलाव स्वच्छ होत नाही. कचरा काढणारा हात, मोजणारी नजर आणि चारआठ दिवसांचा धीर यांनीच तो स्वच्छ होतो. तळ पुन्हा दिसू लागतो तेव्हा मालकाला पोहण्याचा आनंद मिळतो, आणि शेजारच्या घरातील मूल त्या वर्षी तापाने अंथरुणास खिळत नाही. या दोहोंपैकी दुसरे फळ अधिक मोलाचे आहे.