छायाचित्रासाठीं स्थळ आणि परवानगी

कॅमेरा ही एके काळीं श्रीमंतांच्या घरची वस्तु होती. आतां ती प्रत्येकाच्या खिशांत आली आहे. सहलीस निघालेलें कुटुंब परत येतें तें शेकडों छायाचित्रें बरोबर घेऊन. परंतु कोणत्या स्थळाचें चित्र घ्यावें आणि तें घेण्यास कोणाची अनुज्ञा लागते, या दोन प्रश्नांचा विचार निघण्यापूर्वीं क्वचितच होतो. पहिला प्रश्न आवडीचा आणि दुसरा कायद्याचा, अशी समजूत आहे. वस्तुतः दोहोंच्या मुळाशीं एकच प्रश्न आहे, आणि तो म्हणजे, हें स्थळ कोणाचें? त्याचें उत्तर ज्याला मिळालें त्याला परवानगी कोठें मागावी हें कळतें, आणि चित्रांत काय यावें हेंही बहुधा कळतें.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यांतील भंडारदरा हें याचें उत्तम उदाहरण होय. प्रवरा नदीवरील या एका खोऱ्यांत धरण, देऊळ, किल्ला, धबधबे आणि अरण्य हीं सर्व जवळजवळ आहेत. परंतु प्रत्येकाचा धनी निराळा आहे.

प्रथम रतनवाडीचें अमृतेश्वराचें देऊळ घ्यावें. जलाशयाच्या दुसऱ्या टोकास, रतनगडाच्या पायथ्याशीं तें उभें आहे. शिखरावर लहान लहान शिखरांच्या प्रतिकृति ओळीनें चढत गेलेल्या आहेत. ऊन माथ्यावर असतां हें सर्व काम सपाट दिसतें. सकाळीं अथवा दिवस कलल्यावर तिरपें ऊन पडलें म्हणजे प्रत्येक रेघ उठून दिसते. शेजारची पुष्करणी व तिच्या कोनाड्यांतील मूर्ति यांसही हाच नियम लागू आहे. हें देऊळ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखालीं आहे. १९५९ सालच्या नियमांप्रमाणें अशा स्मारकाचें चित्र कॅमेरा हातांत धरून घेण्यास सामान्यतः हरकत नसते. मात्र तिवई मांडावयाची तर परवानगी पाहिजे, आणि चलच्चित्रण करावयाचें तर रीतसर परवाना पाहिजे. शिवाय हें पूजेंतलें देऊळ आहे. गाभाऱ्यांत कॅमेरा न्यावा कीं नाहीं, हें तेथील पुजाऱ्यास विचारावें.

अशा चित्रांचें मोल केवळ हौसेचें नसतें. हेन्री कझिन्स यांनीं दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवर लिहिलेला ग्रंथ १९३१ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील छायाचित्रें अभ्यासक आजही उघडतात. कारण एखादा दगड तेव्हां कोठें होता याची तीं साक्ष देतात. म्हणून समोरच्या एका चित्रावर न थांबतां चारी बाजूंचीं चित्रें घ्यावीं, आणि प्रत्येकाखालीं दिवस व दिशा लिहून ठेवावी.

दुसरें स्थळ धरण. याचें काम १९१० सालीं सुरू झालें आणि १० डिसेंबर १९२६ रोजीं मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्तें उद्घाटन झालें. त्यांचेंच नांव धरणास मिळालें. सुमारें २७० फूट उंचीची ही दगडी भिंत पाहून कोणाचाही हात कॅमेऱ्याकडे जाईल. येथें धनी जलसंपदा विभाग आहे, आणि येथें कायदा अधिक कडक आहे. १९२३ सालच्या शासकीय गुपितें अधिनियमांत पाणी व वीज पुरविणारीं बांधकामें सरकारी अधिसूचनेनें प्रतिबंधित ठरवितां येतात. आणि त्या अधिनियमांत रेखाचित्र या शब्दांत छायाचित्राचाही समावेश आहे. म्हणून भिंतीवर किंवा वीजगृहाजवळ जाण्यापूर्वीं तेथील फलक वाचावा व पहारेकऱ्यास विचारावें. नकार मिळाला तर हुज्जत घालूं नये. लांबून, डोंगरांच्या पार्श्वभूमीवर घेतलेल्या चित्रांत भिंतीचा आकार आणि जलाशयाचा विस्तार एकत्र येतो, तो जवळून येतही नाहीं. भिंतीखालचा छत्री धबधबा धरणांतून पाणी सोडलें असेल तेव्हांच दिसतो. तें सोडलें आहे कीं नाहीं याची चौकशी आधीं केल्यास फेरी फुकट जात नाहीं.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. १९५७ सालच्या स्वामित्वहक्काच्या कायद्यांतील ५२ व्या कलमाप्रमाणें वास्तूचें छायाचित्र घेणें वा प्रसिद्ध करणें हा हक्कभंग नव्हे. पण हक्कभंग होत नाहीं, एवढ्यानें आंत शिरण्याची मुभा मिळते असें नाहीं. चित्राचा हक्क निराळा आणि प्रवेशाचा हक्क निराळा.

तिसरें स्थळ अरण्य, आणि तेंच सर्वांत नाजूक आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ सालीं जाहीर झालें. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २८ व्या कलमांत अभयारण्यांत प्रवेशाची परवानगी ज्या हेतूंसाठीं देतां येते त्यांत छायाचित्रणाचा उल्लेख प्रथमपासून आहे. २०२२ च्या दुरुस्तीनें त्यास चित्रपट-निर्मितीची जोड मिळाली, पण अधिवासांत बदल अथवा वन्यजीवांस अपाय होतां कामा नये, ही अटही आली.

ही अट कशासाठीं, तें येथील काजव्यांवरून कळतें. मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस उंबरठ्यावर आला असतां, हिरडा, बेहडा, जांभूळ यांसारखीं झाडें काजव्यांनीं लखलखूं लागतात आणि शहरांतून गाड्यांची रीघ लागते. काजव्याचा प्रकाश ही त्याची भाषा आहे. नर उडतां उडतां लुकलुकतो, मादी पानावरून उत्तर देते, आणि त्या खुणेवर त्यांची पुढली पिढी अवलंबून असते. प्रौढ काजव्याचें आयुष्य थोड्याच आठवड्यांचें. त्या अवधींत गाडीचे दिवे, विजेऱ्या आणि कॅमेऱ्याचा झगझगीत दिवा मध्यें आला कीं हांकेला ओ मिळत नाहीं. अळ्या मातींत वाढतात. वाट सोडून झाडाखालीं गर्दी केली तर त्याही तुडविल्या जातात. ज्याचें चित्र घेण्यासाठीं एवढ्या लांब यावें, तेंच आपल्या पायांखालीं व आपल्या दिव्यानें नाहींसें करावें, याहून मोठा तोटा कोणता?

आणि गंमत अशी कीं, त्या दिव्याचा चित्रासही उपयोग नसतो. त्याचा उजेड चार पावलांवर संपतो व काजव्यांचा मंद प्रकाश पुसून टाकतो. कॅमेरा स्थिर ठेवून पंधरा-तीस सेकंद झडप उघडी ठेवली म्हणजेच झाड उजळून येतें. नियम आणि कला येथें एकच गोष्ट सांगतात.

चौथा धनी कागदावर कोठेंच नसतो, आणि तो म्हणजे तेथला माणूस. भातलावणी करणाऱ्या बायका, डोक्यावर मोळी घेतलेली म्हातारी, अंगणांत खेळणारीं मुलें हीं प्रेक्षणीय स्थळें नव्हेत. आधीं रामराम करावा, विचारावें, मग कॅमेरा काढावा; मुलांच्या बाबतींत आईबापांस विचारावें. चित्र पाठविण्याचें कबूल केलें असेल तर तें पाठवावें.

व्यवसायासाठीं, मोठ्या साहित्यासह किंवा चलच्चित्रणासाठीं जावयाचें असेल तर लेखी अर्ज पुष्कळ आधीं करावा. त्यांत हेतु, नेमकी जागा, तारीख व वेळ, माणसांची संख्या आणि साहित्य स्पष्ट लिहावें. ड्रोन उडवावयाचा असेल तर २०२१ च्या नियमांप्रमाणें आकाशाचा तो भाग हिरवा, पिवळा कीं तांबडा हें पाहावें. तांबड्या भागांत केंद्र सरकारच्या परवानगीवांचून उडवितां येत नाहीं. वरची परवानगी मिळाली तरी खालच्या अरण्याची निराळी मागावी लागते. मिळालेला कागद खिशांत ठेवावा.

घरच्या सहलीस इतका खटाटोप लागत नाहीं. वनखात्याच्या नाक्यावरचें शुल्क, एक वाचलेला फलक आणि दोन नम्र प्रश्न एवढ्यावर बहुतेक काम होतें. विचारणारास पहारेकरी पाणी कधीं सुटेल तें सांगतो, पुजारी ऊन शिखरावर केव्हां येतें तें सांगतो. न विचारतां घेतलेल्या चित्रांत हें ज्ञान उतरत नाहीं.