बऱ्हाणपूरचे घरचे माग

सतराव्या शतकात तावेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने लिहून ठेवले आहे की, बऱ्हाणपूरचे झिरझिरीत कापड इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जाई. त्याच्या ओढण्या होत. काहींना सोन्यारुप्याचे पट्टे असत. विणकराचे घर हाच त्याचा कारखाना. पुढे मोमीन वस्त्यांत यंत्रमाग आले. पण सूत व्यापाऱ्याचे, विणकराची फक्त मजुरी! मागापेक्षा हा बदल मोठा, असे आम्हांस वाटते.

आता तापीकाठच्या केळीने नवा धागा दिला आहे. घड उतरल्यावर निकामी ठरणाऱ्या खोडापासून बचतगटांतील बाया चटया, पिशव्या करतात. या मालाचा भाव तरी करणारीनेच सांगावा. खोड ओले असतानाच धागा नीट निघतो. म्हणून चूल आवरण्याआधीच बाई खोडापाशी बसते.