शटर, विद्युत् चलित
दुकान, गोदाम, कारखाना, गॅरेज इत्यादींच्या दर्शनी उघाडाला बसविलेले आणि वर गुंडाळले जाणारे किंवा वर सरकणारे दार विद्युत् चलित्राच्या साहाय्याने उघडण्याची व बंद करण्याची योजना. पाश्चात्त्य देशांत घरगुती गॅरेजला खंडांचे, छताखाली आडवे सरकणारे दार असते; भारतात त्याची जागा मुख्यतः पोलादी पट्ट्यांच्या गुंडाळी शटराने घेतली आहे. दोहोंचे यांत्रिक तत्त्व एकच आहे : दाराचे वजन स्प्रिंगने तोलून धरावयाचे व चलित्राने त्याला केवळ गती द्यावयाची. हे तत्त्व न पाळता जुन्या, जड झालेल्या शटराला चलित्र जोडणे हे अशा जोडणीतील बहुतेक बिघाडांचे व अपघातांचे मूळ असते.

इतिहास : महाराष्ट्रातील जुन्या बाजारपेठांत दुकानाचे तोंड लाकडी फळ्यांनी बंद करीत. उंबरा व वरची तुळई यांतील खाचांत फळ्या एकामागून एक उभ्या बसवून त्यांवर आडणा घालीत व कुलूप लावीत. विसाव्या शतकात पोलादी शटराने या फळ्या मागे टाकल्या. अमेरिकेत सी. जी. जॉन्सन यांनी १९२१ मध्ये वर सरकणारे गॅरेजचे दार आणि १९२६ मध्ये ते उघडणारे विद्युत् यंत्र तयार केले. भारतात धातूच्या गुंडाळी शटरांसाठी आयएस ६२४८ हे भारतीय मानक असून त्यात हाताने, दंतचक्राने व विजेने चालणारी असे शटरांचे प्रकार केलेले आहेत. दूरनियंत्रित चलित्रे स्वस्त झाल्यावर ही सोय महानगरांपुरती न राहता मंगळवेढ्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणच्या दुकानांच्या व धान्याच्या गोदामांच्याही आवाक्यात आली.

रचना व समतोल : शटराचा पडदा एकमेकींत अडकविलेल्या, बाक दिलेल्या पोलादी पट्ट्यांचा असतो. त्याच्या दोन्ही कडा भिंतीलगतच्या पन्हळीतून सरकतात. वर दोन कंसांवर एक नळी स्थिर बसविलेली असून तिच्यावरील डब्यांत पीळ दिलेल्या स्प्रिंगा असतात. शटर बंद असताना लोंबणाऱ्या पडद्याचे वजन सर्वांत जास्त असते व स्प्रिंगेचा पीळही सर्वांत जास्त असतो. पडदा गुंडाळला जाऊ लागला की, लोंबणारे वजन घटते आणि पीळही उतरत जातो. त्यामुळे प्रत्येक स्थितीत दोन्ही बले जवळजवळ सारखी राहतात व माणूस एका हाताने शटर उचलू शकतो.

३ मी. रुंद व २·५ मी. उंच शटराचा पडदा ०·९ मिमी. जाडीच्या पत्र्याचा असल्यास त्याचे वजन सु. ७५ किग्रॅ. भरते. तो पूर्ण गुंडाळण्यास सु. ९०० ते १,००० जूल इतकेच कार्य लागते. एक युनिट वीज म्हणजे ३६ लाख जूल. दंतचक्रे व घर्षण यांतील ऱ्हास धरूनही विजेचा खर्च नगण्य ठरतो. म्हणून चलित्राची निवड विजेच्या बचतीवरून न करता समतोल, गतिरोधक व सुरक्षितता यांच्या विचाराने करावी लागते.

चलित्राचे प्रकार : (१) मध्यवर्ती चलित्र : हे नळीच्या मध्यभागी घट्ट आवळतात. त्याभोवतीचे मोठे दंतचक्र फिरून पडदा गुंडाळला जातो. दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा तशाच राहतात. दुकानाच्या जुन्या शटरासाठी हा प्रकार सोयीचा असतो. (२) पार्श्व चलित्र : हे एका बाजूच्या कंसावर असून साखळी व दंतचक्र यांद्वारे नळी फिरविते. मोठ्या गोदामांच्या शटरांना बहुधा स्प्रिंगा नसतात व सर्व भार चलित्रच पेलते. अशा जोडणीत साखळी तुटल्यास पडदा कोसळू नये म्हणून स्वतंत्र पतनरोधक आवश्यक असतो. (३) छतालगतचे चलित्र : हे खंडांच्या गॅरेज-दारासाठी असते. छताखालील रुळावरून सरकणारा घोडा एका दांड्याने दाराला जोडलेला असतो.

तिन्ही प्रकारांत ठरावीक ठिकाणी प्रवाह तोडणारे मर्यादा स्विच आणि चलित्र थांबताच दार जागीच धरणारा गतिरोधक किंवा उलट न फिरणारी दंतचक्रमाला असते. चलित्र अल्पकाळ चालण्यासाठीच बनविलेले असते. लागोपाठ अनेकदा उघडझाप केल्यास ते तापते व उष्णता-विच्छेदक काही काळ प्रवाह तोडतो. हा बिघाड नव्हे.

जोडणी : जोडणीपूर्वी समतोल तपासतात. शटर हाताने निम्म्यावर आणून सोडले असता ते तेथेच थांबावे. ते खाली घसरले तर स्प्रिंग सैल झालेली असते. वर उसळले तर पीळ जास्त असतो. वाकलेल्या पट्ट्या, चेपलेली पन्हळ व गंजलेला कणा प्रथम दुरुस्त करतात. ताणलेल्या स्प्रिंगेत मोठी ऊर्जा साठलेली असल्याने हे काम अनुभवी कारागिराकडूनच करून घ्यावे लागते.

चलित्र सुरू व बंद होताना कंसांवर हिसके बसतात. काँक्रीटच्या तुळईत विस्तारी बोल्टांनी कंस पक्के बसतात. केवळ गिलाव्याच्या विटकामात ते कालांतराने ढिले पडतात. मंगळवेढा, पंढरपूर या भागांतील जुन्या माळवदी घरांच्या भिंती दगड व माती यांच्या असतात. तेथे भिंतीवर भार न टाकता जमिनीपासून उभारलेल्या पोलादी चौकटीवर कंस बसविणे इष्ट होय.

विद्युत् पुरवठा २३० व्होल्टचा, स्वतंत्र विच्छेदकातून व भूसंपर्कासह घेतात. शटराचा पत्रा मोठा व नेहमी हाताळला जाणारा असल्याने ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळती-विच्छेदकही बसवितात. शेवटी वरची व खालची मर्यादा ठरवितात. खालची मर्यादा चुकल्यास पडदा जमिनीवर टेकल्यावरही उलगडत राहतो व पट्ट्या एकमेकींवर चढतात. तळाच्या कड्या-कुलुपे लावलेली असताना चलित्र सुरू झाल्यास पट्ट्या वाकतात किंवा कंस उखडतात. म्हणून कुलुपे काढून टाकतात किंवा कुलूप लावताच प्रवाह तुटेल असा स्विच जोडतात.

सुरक्षितता : हाताने चालणारे शटर ओढणाऱ्या माणसाला अडथळा जाणवतो, चलित्राला तो आपोआप जाणवत नाही. अमेरिकेत स्वयंचलित दाराखाली सापडून लहान मुले दगावल्यावर १ जानेवारी १९९३ नंतर बनविलेल्या घरगुती यंत्रांना अडथळा ओळखणारी योजना सक्तीची झाली. तिच्यात दाराच्या दोन्ही बाजूंस जमिनीपासून १५ सेंमी. पर्यंतच्या उंचीवर प्रकाशकिरणाचा प्रेषक व ग्राहक बसवितात. किरण खंडित होताच दार उलट फिरते. चाचणीसाठी दाराखाली सु. ४ सेंमी. जाडीचा लाकडी ठोकळा आडवा ठेवतात; त्याला टेकताच दार दोन सेकंदांत परत वर गेले पाहिजे. भारतातील दुकानांच्या स्वस्त चलित्रांसोबत अशी योजना पुष्कळदा नसते. ती वेगळी जोडून घ्यावी लागते. स्विच मुलांच्या हाताला न लागेल अशा उंचीवर आणि जेथून शटर पूर्ण दिसते अशा जागी असावा. दूरनियंत्रकाचा संकेत दर वापरागणिक बदलणारा असल्यास तो टिपून चोराला दार उघडता येत नाही.

वीज नसताना व आगीच्या वेळी : मध्यवर्ती चलित्राच्या गतिरोधकाला एक तार जोडलेली असते, ती ओढली की गतिरोधक सुटतो व शटर हाताने उचलता येते. समतोल बिघडलेला असल्यास मात्र ते उचलवत नाही किंवा एकदम खाली कोसळते. चलित्राच्या जोरामुळे झाकलेला स्प्रिंगेचा दोष नेमक्या याच प्रसंगी उघड होतो. पार्श्व चलित्रासाठी हाताने फिरविण्याची साखळी देतात. मोचक तारेचे टोक आतून कोणालाही सापडेल असे असावे आणि बाहेरील टोक कुलूपबंद पेटीत ठेवावे. जेथे शटर हाच एकमेव मार्ग आहे तेथे विजेवर चालणाऱ्या संचाला बॅटरीची जोडही द्यावी.

आगीत वीज सर्वांत आधी जाते. ९ मे २०१९ रोजी पहाटे पुण्याजवळील उरुळी देवाची येथे साड्यांच्या दुकानाला लागलेल्या आगीत आत झोपलेले पाच कामगार मृत्यू पावले. दुकानाला बाहेरून कुलूप होते. दार हातकुलुपाचे असो की विद्युत् चलित, आतील माणसाला ते स्वतः उघडता येणे हीच त्याची पहिली कसोटी होय. रात्री माणसे थांबतात अशा जागेत शटराखेरीज आतून उघडणारे दुसरे साधे दार असणे म्हणूनच अत्यावश्यक ठरते.

निगा : काळ्या रानातील धूळ पन्हळीत साचून घर्षण वाढते. पन्हळ कोरड्या फडक्याने पुसून हलके वंगण देतात. घट्ट ग्रीजमध्ये धूळ धरली जाते. गॅरेज-दारांच्या स्प्रिंगा सामान्यतः सु. दहा हजार उघडझापींसाठी बनवितात. दिवसाकाठी चार उघडझापी धरल्यास हे आयुष्य सु. सात वर्षांचे होते. दर महिन्यास मोचक तार ओढून शटर हाताने चालवून पाहिले असता समतोल, गतिरोधक व तार या तिन्हींची तपासणी एकदमच होते.