हॉकी खेळून पोट भरतं का?

आपल्या गावात बर्फ म्हणजे बंदरावर येणाऱ्या लाद्या. त्या फोडून होडीत मासळीवर घालतात. पण कॅनडा, अमेरिका अशा देशांत बर्फावर हॉकी खेळतात. पायात पात्यांचे बूट आणि चेंडूऐवजी रबराची कडक चकती असते. तिथल्या मोठ्या संघांतल्या खेळाडूंना खेळण्याचाच पगार मिळतो. आपल्या देशात लडाखमध्ये तळी गोठली की ही हॉकी खेळतात.

आपल्याकडची हॉकी मैदानावरची. एका संघात ११ खेळाडू. काठीच्या सपाट बाजूनेच चेंडू मारायचा, उलटी बाजू लागली की चूक धरतात. पण घरची मोठी माणसं म्हणतात, खेळून पोट भरत नाही. म्हणून मी महाराष्ट्रातल्या एका हॉकीपटूची माहिती लिहीत आहे. त्यांचे नाव धनराज पिल्ले.

त्यांचा जन्म १६ जुलै १९६८ रोजी पुण्याजवळ खडकीला झाला. वडील दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत मैदानाची देखभाल करत. पाच भाऊ, आणि नवी काठी घ्यायला पैसे नाहीत. मग मोडलेल्या काठ्या दोरीने बांधायच्या नि दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या चेंडूने खेळायचे. मैदान पण चिखलाचे. आई मात्र खेळू नका म्हणाली नाही. मला वाटतं, हे फार मोठं काम तिने केलं.

थोरले भाऊ रमेश मुंबईत आर.सी.एफ.च्या संघातून खेळत. आपल्या थळला खताचा कारखाना आहे ना, तीच कंपनी! धनराज त्यांच्याकडे मुंबईला गेले. पुढे ते महिंद्र कंपनीच्या संघात आले. गंमत बघा, कंपनी गाड्यांची आणि काम हॉकीचे! आपल्या देशात पुष्कळ हॉकीपटूंचे असेच असते. कंपनी, रेल्वे, पोलीस, बँक त्यांना नोकरी देते आणि ते तिच्या संघातून खेळतात. शिवाय धनराज इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, मलेशिया इथल्या क्लबांकडूनही खेळले.

१९८९ साली ते भारताच्या संघात आले. ते चार ऑलिंपिक खेळले: १९९२, १९९६, २०००, २००४. पदक एकदाही नाही. २००० साली सिडनीत पोलंडला हरवले असते तर भारत उपान्त्य फेरीत गेला असता. एक गोल पुढे होते, पण शेवटच्या दोन मिनिटांत पोलंडने गोल केला नि बरोबरी झाली. हे वाचताना मलाच वाईट वाटलं.

१९९८ साली बँकॉकच्या आशियाई खेळांत मात्र त्यांच्या कप्तानपदाखाली सुवर्णपदक मिळाले, तेही ३२ वर्षांनी. आणि परत आल्यावर त्यांना व आणखी काही खेळाडूंना संघातून काढले! सांगितले की विश्रांती दिली आहे. खेळाडूंनी पैशांविषयी विचारले म्हणून काढले, असे पुष्कळांना वाटले. नंतर ते पुन्हा संघात आले. त्यांना खेलरत्न आणि पद्मश्रीही मिळाली.

२००४ साली त्यांचे भारतासाठी खेळणे थांबले तेव्हा ते ३६ वर्षांचे होते. एस.टी.तली नोकरी ५८ वर्षांपर्यंत असते, पण पळणारे पाय तेवढे टिकत नाहीत. म्हणून खेळाडूला पुढची सोय आधीच बघावी लागते. धनराज पुढे गुजरातमध्ये मुलांना हॉकी शिकवू लागले.