फक्त शनिवारी भरणारा कलाबाजार. मेक्सिको सिटीचं ‘सान आन्हेल’ पायी कसं बघाल?

मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला असलेलं सान आन्हेल हे एकेकाळी शहराबाहेरचं गाव. शहरातले श्रीमंत हवापालटासाठी इथे वाडे बांधायचे. आज ही शहरातल्या महागड्या वस्त्यांपैकी एक आहे. दगडी फरसबंदीच्या गल्ल्या, उंच भिंती, त्यावर बोगनवेल. भिंतीआडचं घर मात्र सहसा दिसत नाही.

शनिवारी सान हासिंतो चौकातला एक जुना वाडा सगळ्यांसाठी उघडा असतो. १९६० मध्ये सुरू झालेला ‘बासार साबादो’ इथे भरतो. साबादो म्हणजे शनिवार. आत निवडक कारागिरांचे गाळे, तर बाहेर झाडांखाली चित्रं मांडून बसलेले चित्रकार. वेळ कमी असेल तर बाहेरच रमा. तिथे थेट चित्रकाराशी बोलता येतं.

चौकातला फलक चुकवू नका

खरेदीच्या नादात अनेकांचं भिंतीवरच्या फलकाकडे लक्षच जात नाही. अमेरिका-मेक्सिको युद्धात अमेरिकी सैन्यातले काही सैनिक पळून मेक्सिकोच्या बाजूने लढले. त्यात आयर्लंडमधून आलेले कॅथलिक बरेच. अमेरिकी सैन्यात त्यांना हीन वागणूक मिळायची. ही ‘सेंट पॅट्रिक बटालियन’. पकडल्या गेलेल्यांपैकी काहींना सप्टेंबर १८४७ मध्ये याच सान हासिंतोत फाशी दिलं गेलं. अमेरिकेच्या लेखी ते फितूर, मेक्सिकोच्या लेखी हुतात्मे. त्यांच्या नावांचा हा फलक १९५९ चा आहे.

फ्रिडाचं घर, पण ‘ते’ नव्हे

चौकातून थोडं चालल्यावर दिएगो रिव्हेरा आणि फ्रिडा काहलो यांची पुलाने जोडलेली दोन घरं लागतात. भोवती निवडुंगाचं कुंपण. वास्तुरचना हुआन ओ’गोर्मान यांची. फ्रिडाचं प्रसिद्ध ‘निळं घर’ मात्र कोयोआकानमध्ये आहे. इथलं एक घरही निळंच असल्याने गल्लत होते. याच रिव्हेरांनी वर्ध्याचे क्रांतिकारक आणि कृषिशास्त्रज्ञ पांडुरंग खानखोजे यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिलं. ते बघायला शहराच्या मध्यभागी, शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत जावं लागतं.

परतताना

मेट्रोबसच्या ‘ला बोंबिया’ स्थानकाचं नाव एका उपाहारगृहावरून पडलं. १९२८ मध्ये तिथे जेवत असताना निर्वाचित राष्ट्राध्यक्ष आल्वारो ओब्रेगोन यांची हत्या झाली. मारेकरी चित्रकार बनून, रेखाटनं दाखवत त्यांच्याजवळ पोहोचला होता.