इंग्रजी वाक्प्रचार पाठ करू नका, त्यामागची वस्तू आणि खेळ ओळखा

वस्तीतल्या अभ्यासिकेत आमच्यासोबत बसणाऱ्या एका तरुणाला फेलोशिपच्या मुलाखतीनंतर ईमेल आला. त्यात शेवटी लिहिले होते, 'द बॉल इज इन युवर कोर्ट'. 'कोर्ट' वाचून तो घाबरला. आपल्यावर केस झाली की काय, या धास्तीने त्याने दोन दिवस उत्तरच दिले नाही. मुदतीच्या शेवटच्या दिवशी त्याने मोबाईल आमच्यापुढे धरला. हे कोर्ट टेनिसचे होते. चेंडू तुमच्या बाजूला आला आहे, पुढचा फटका तुमचा. म्हणजे आता निर्णय तुम्ही कळवा, एवढाच अर्थ.

त्याचे व्याकरण पक्के होते. टेनिस मात्र त्याने कधी पाहिले नव्हते. ज्या घरांत असे खेळ आणि इंग्रजी बोलणे दोन्ही असते, तिथली मुले हे वाक्प्रचार सहज उचलतात. घरातून मिळणाऱ्या अशा शिदोरीला समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी सांस्कृतिक भांडवल म्हटले. ते आपल्यालाही जमवता येते. कार्यकर्त्यांच्या कानावर नेहमी पडणारे काही वाक्प्रचार पाहू.

लेव्हल प्लेइंग फील्ड : मैदान उताराचे असेल तर वरच्या बाजूच्या संघाला आपोआप फायदा मिळतो. मैदान सपाट असणे म्हणजे सर्वांना समान संधी.

मूव्हिंग द गोलपोस्ट्स : सामना सुरू असताना गोलचे खांब हलवणे. अर्ज भरून झाल्यावर पात्रतेची अट बदलली, तर हेच म्हणायचे.

हिटिंग बिलो द बेल्ट : बॉक्सिंगमध्ये कमरेच्या पट्ट्याखाली ठोसा मारायला मनाई असते. वादात मुद्दा सोडून कुणाच्या जातीवर किंवा घरच्यांवर घसरणे म्हणजे असा ठोसा.

पासिंग द बक : पोकर या पत्त्यांच्या खेळात वाटपाची पाळी कोणाची, हे दाखवणारी वस्तू म्हणजे 'बक'. ती पुढे सरकवणे म्हणजे जबाबदारी दुसऱ्यावर ढकलणे. या टेबलावरून त्या टेबलावर फिरणारी फाईल आठवा. अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्या टेबलावर 'द बक स्टॉप्स हिअर' अशी पाटी होती. जबाबदारी इथून पुढे सरकणार नाही, असा तिचा अर्थ.

स्वीपिंग अंडर द कार्पेट : केर न भरता गालिच्याखाली लोटणे, म्हणजे प्रकरण दडपणे.

कॉलिंग अ स्पेड अ स्पेड : स्पेड म्हणजे खणायचे फावडे. आडपडदा न ठेवता बोलणे, हा अर्थ. पण अमेरिकेत 'स्पेड' हा शब्द कृष्णवर्णीयांसाठी शिवीसारखा वापरला गेला. तिथल्या मित्रांशी बोलताना हा वाक्प्रचार टाळलेला बरा.

आपल्याकडेही अशी भाषा भरपूर आहे. 'ट्रम्प कार्ड' म्हणजे आपला हुकमाचा पत्ता. 'चेकमेट' तर 'शह' आणि 'मात' यांचाच नातेवाईक. दोन्हीकडचे शब्द फारसी बुद्धिबळातून आले.

म्हणून नवा वाक्प्रचार भेटला की आधी विचारा, ही वस्तू कोणती? हा खेळ कोणता? मग आपल्या वस्तीतल्या प्रसंगावर त्याचे एक वाक्य लिहा. बोलताना ते पेरलेच पाहिजेत असे नाही, पण समोरच्याने वापरले तर कळले पाहिजेत. आणि कळले नाही तर तिथेच विचारा; त्यात कमीपणा नाही.

त्या तरुणाने त्याच रात्री होकार पाठवला. आता अभ्यासिकेत कुणी कामात चालढकल केली, की तोच म्हणतो, 'बॉल तुझ्या कोर्टात आहे.'